राखेखालचा निखारा : विश्रांतीतली टी-पेशी काय करत असते?

१९६० सालची गोष्ट. अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नोवेल नावाचे पॅथॉलॉजिस्ट रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून बघत होते. पांढऱ्या पेशी हव्या असतील तर आधी तांबड्या बाजूला सारायला लागतात. त्यासाठी ते राजम्याच्या दाण्यांतून काढलेला एक अर्क वापरत. त्यानं तांबड्या पेशींच्या गुठळ्या होऊन त्या तळाला बसतात आणि पांढऱ्या वर राहतात. अर्काचं काम एवढंच. पण काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धडधाकट माणसांच्या रक्तातल्या पेशीसुद्धा फुगून मोठ्या झाल्या होत्या आणि एकीच्या दोन होत होत्या. अर्क वगळला की हे विभाजन होईना. राजम्यातलं काहीतरी या पेशींना जागं करत होतं.

ते द्रव्य म्हणजे फायटोहिमॅग्लुटिनिन. राजमा कच्चा राहिला तर पोटाला बाधतो तो याच्यामुळे, आणि रात्रभर भिजवून खळखळून उकळला की ते निकामी होतं. कोरेगाव भागातला आपला वाघ्या घेवडाही याच जातीचा, म्हणून तोही नीटच शिजवायचा.

नोवेल यांना जे दिसलं त्याचं मोल कळायला त्याआधीची समजूत ठाऊक हवी. रक्तातली ही छोटी गोल लिम्फोसाइट म्हणजे आयुष्य संपत आलेली पेशी, असं तेव्हा बरेच जण मानत. दिसायलाही ती तशीच. आकार साधारण तांबड्या पेशीएवढा, आत जवळजवळ सगळी जागा केंद्रकानं व्यापलेली, भोवती पेशीद्रवाची जेमतेम एक कड. काम करणाऱ्या पेशीत जी यंत्रसामग्रीची गर्दी दिसते, ती इथे नाही. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स उंदरांवर प्रयोग करून दाखवत होते की याच पेशी रक्तातून लसिका ग्रंथींत जातात, तिथून पुन्हा रक्तात येतात, आणि रोगप्रतिकाराची सुरुवात त्याच करतात. म्हातारी समजलेली पेशी मुळात वाट बघत असलेली निघाली.

सीबीसीच्या रिपोर्टवर ‘लिम्फोसाइट्स’ म्हणून जो टक्का छापलेला असतो, त्यात बहुसंख्य अशा विश्रांतीतल्याच पेशी असतात. शिवाय शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट्सपैकी जेमतेम दोनेक टक्केच एका वेळी रक्तात सापडतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचं अस्तर अशा ठिकाणी. या लेखात मी त्यातल्या नवख्या टी-पेशींबद्दल बोलणार आहे. नवखी म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतून तयार होऊन बाहेर पडलेली, पण जिला अजून तिचा शत्रू भेटलेला नाही अशी.

या शत्रूचा हिशेब विचित्र आहे. प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एकाच ठरावीक आकाराची खूण ओळखणारा ग्राही असतो. एखाद्या विषाणूचा एक तुकडा घेतला, तर तो ओळखणारी नवखी पेशी लाखात एखादी, किंवा दहा लाखांत एखादी. उरलेल्या बहुतेकींना त्यांचा शत्रू जन्मभर भेटतच नाही. तरीही त्या सगळ्यांना जगवून ठेवावं लागतं, कारण उद्या कोणता जंतू येईल ते शरीराला ठाऊक नसतं. माणसातली नवखी टी-पेशी वर्षानुवर्षं जगू शकते. इतक्या पेशींना पूर्ण जोमानं चालवत ठेवायचं तर शरीर त्यांनाच पोसत बसेल. म्हणून त्यांना कमीत कमी खर्चात ठेवायचं, पण हाक आली की काही तासांत उभं राहता यावं असं ठेवायचं. जुन्या घरात रात्री चूल विझवत नसत, निखारा राखेखाली झाकून ठेवत. सकाळी राख सारून फुंकर मारली की जाळ. राख कमी पडली तर निखारा रात्रीतच जळून संपतो, आणि हवा अगदीच कोंडली तर विझतो. या पेशींच्या विश्रांतीला याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

आता आतला संसार कसा चालतो ते पाहू.

नवखी टी-पेशी ग्लुकोज फार कमी घेते, पण घेतलेल्याचा पुरेपूर उपयोग करते. मायटोकाँड्रियामध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांमध्ये, ऑक्सिजन वापरून एक ग्लुकोज पूर्ण जाळला तर सुमारे तीस एटीपी मिळतात. एटीपी हे पेशीचं रोखीचं चलन. ऑक्सिजनशिवाय अर्धवट फोडला, तर हाती फक्त दोन येतात. विश्रांतीतली पेशी पहिला, काटकसरीचा मार्ग धरते. सोबत थोडी मेदाम्लं, थोडी अमिनो आम्लं. जुने, खराब झालेले मायटोकाँड्रिया ती स्वतःच मोडून त्यांचा माल परत वापरते. ही साफसफाई ज्या उंदरांत जनुक काढून बंद पाडली, त्यांच्या टी-पेशींत खराब मायटोकाँड्रिया साठत गेले आणि पेशी टिकेनाशा झाल्या.

एवढी कमी भूकसुद्धा पेशी स्वतःच्या मनानं भागवू शकत नाही, हे मला फार लक्षणीय वाटतं. लसिका ग्रंथीतल्या आधार देणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-७ नावाचं एक द्रव्य सोडतात. टी-पेशी त्यांच्याजवळून फिरताना ते घेते आणि तेव्हाच तिची ग्लुकोज घेण्याची क्षमता शाबूत राहते. शरीराच्याच पेशींच्या अंगावरच्या खुणांना ती मधूनमधून हलकेच चाचपून पाहते, तोही एक बारीकसा इशारा. हे दोन्ही बंद झाले तर आजूबाजूला भरपूर साखर असूनही पेशी आक्रसत जाते आणि मरते. अन्न समोर आहे, पण जेवायला बसा म्हणणारं कुणी नाही, अशी तिची अवस्था होते.

पेशीच्या खर्चातली सर्वांत मोठी बाब प्रथिनं तयार करणं ही आहे. जनुकातला मजकूर एमआरएनएच्या चिठ्ठीवर उतरतो, ती चिठ्ठी रायबोसोम वाचतो आणि एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाची साखळी करतो. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला किमान चार एटीपींइतकी ऊर्जा लागते. एका मध्यम प्रथिनात तीन-चारशे अमिनो आम्लं धरा, म्हणजे एकेका रेणूला दीडेक हजार एटीपी. पेशीच्या एकूण ऊर्जेचा फार मोठा वाटा, काही अंदाजांनुसार निम्म्याच्या आसपास, इथे जातो. साहजिकच, काटकसर करायची असेल तर पहिला हात याच खर्चाला घालावा लागतो.

याच गोष्टीचा एका प्रयोगपद्धतीत सुरेख उपयोग केलाय. फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी २०२० मध्ये असा विचार मांडला, की ऊर्जा आटली की प्रथिननिर्मिती लगेच मंदावते, तर मग पेशीची ऊर्जा थेट मोजण्याऐवजी प्रथिननिर्मितीच मोजावी. ते पेशींना थोडा वेळ प्युरोमायसिन देतात. हा रेणू अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूच्या टोकासारखा दिसतो, त्यामुळे रायबोसोम फसतो आणि त्याला साखळीत ओवून टाकतो. साखळी तिथेच तुटते आणि त्या तुकड्यावर प्युरोमायसिनची खूण राहते. खुणा मोजल्या की निर्मितीचा वेग कळतो. मग एका नमुन्यात ग्लुकोजचा रस्ता अडवायचा, दुसऱ्यात मायटोकाँड्रियाचा, आणि कशानं किती घट झाली ते पाहायचं. म्हणजे पेशी कशावर जगत होती ते उघड होतं. मूठभर पेशी पुरतात आणि रक्ताच्या एकाच नमुन्यातल्या वेगवेगळ्या जातींच्या पेशी वेगवेगळ्या तपासता येतात. विश्रांतीतल्या पेशी इतक्या कमी हालचाल करतात की जुन्या पद्धतींना त्यांच्याबद्दल फारसं सांगताच येत नसे. इथे ते जमलं.

पण माझं मन खरं रमतं ते त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बेलिनझोनाहून आलेल्या कामात. तिथल्या गटानं माणसाच्या नवख्या टी-पेशींना जड अमिनो आम्लं खाऊ घातली. रसायन तेच, फक्त त्यातले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू किंचित जड जातीचे. नवीन तयार झालेलं प्रथिन त्यामुळे थोडं जड भरतं, जुनं हलकं राहतं, आणि मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचं वजन ओळखणारं यंत्र दोन्ही वेगळी ओळखतं. अशा रीतीनं हजारो प्रथिनांपैकी कोणतं किती वेगानं नवं होतं आणि किती वेगानं मोडलं जातं, याची नोंद घेता आली.

तीन गोष्टी समोर आल्या. पहिली : रायबोसोमांचा साठा अपेक्षेपेक्षा बराच मोठा, आणि त्यातले कितीतरी हातावर हात ठेवून बसलेले. दुसरी : २४२ प्रकारच्या एमआरएनए चिठ्ठ्या लिहून तयार, पण वाचायच्या रोखून ठेवलेल्या. तिसरी : ग्लुकोज झपाट्यानं फोडायला लागणारी एन्झाइमं आधीच भरून ठेवलेली, जरी तो मार्ग विश्रांतीत जवळपास वापरलाच जात नाही. लग्नघरात आदल्या रात्री आचारी येऊन बसलेत, शिधा मोजून झालाय, पदार्थांची यादी खिळ्याला अडकवलीय, फक्त चूल पेटवायची थांबलीय, तसं हे चित्र. त्याआधी २०१८ मध्ये इटलीतल्या एका गटालाही असंच काहीसं आढळलं होतं. ग्लुकोजला आत घेणाऱ्या दाराचं, म्हणजे ग्लुट-१ या प्रथिनाचं उत्पादन वाढणं हे जागं होण्यातलं सुरुवातीचं पाऊल असतं, आणि ते चिठ्ठी वाचण्याच्या टप्प्यावरून हलवलं जातं.

यातली खोच अशी. नवी चिठ्ठी लिहायची तर जनुक उघडा, नक्कल काढा, तिची काटछाट करा, केंद्रकाबाहेर पाठवा, असा लांबचा फेरा असतो. चिठ्ठी आधीच बाहेर असेल तर तेवढा वेळ वाचतो. आणि एक चिठ्ठी लिहून ठेवणं तिच्यावरून शेकडो-हजारो प्रथिनं करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. खर्चाचा टप्पा रोखायचा आणि वेळखाऊ टप्पा आधी उरकून ठेवायचा, अशी ही वाटणी आहे.

मग अडसर कुठे असतो? चिठ्ठीच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. तिला एक प्रथिन धरतं आणि रायबोसोमला तिथे बसवतं. विश्रांतीत या टोपी धरणाऱ्याला दुसरंच एक प्रथिन कवटाळून बसलेलं असतं, त्यामुळे सुरुवातच होत नाही. ही मिठी सोडवतो एमटॉर नावाचा पेशीतला कारभारी. अन्न आहे का, ऊर्जा आहे का, बाहेरून हाक आलीय का, हे सगळं बघून तो होकार देतो.

एमटॉरचा शोधही मोठा वळणावळणाचा. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४ मध्ये कॅनडाहून एक मोहीम गेली आणि तिथली माती गोळा करून आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या औषधकंपनीत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळं केलं. सेहगल अविभाजित पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून द्रव्याचं नाव रापामायसिन. ते बुरशीवरचं औषध म्हणून तपासलं जात होतं, पण ते प्रतिकारशक्ती दाबतं असं दिसलं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या वापरासाठी त्याला मान्यता मिळाली. एमटॉर हे नावही त्यावरूनच आलं : रापामायसिनचं लक्ष्य. आपल्याकडे प्रत्यारोपण झालेल्या अनेकांच्या गोळ्यांच्या डब्यात ‘सिरोलिमस’ किंवा त्याच घराण्यातलं ‘एव्हरोलिमस’ असतं. परक्या मूत्रपिंडाकडे बघून टी-पेशीला हाक ऐकू येते, पण एमटॉरवर हात ठेवलेला असल्यानं तिला पुरतं उठता येत नाही.

राखेकडे वळू. विश्रांती राखणारी काही खास प्रथिनं पेशीत असतात : केएलएफ-२, फॉक्सओ-१, टीएससी-१, बीटीजी-१ आणि बीटीजी-२ ही त्यातली ठळक. बीटीजीची जोडी एमआरएनएच्या शेपट्या छाटत राहते, म्हणजे चिठ्ठ्यांचा ढीग मर्यादेत राहतो. टीएससी-१ एमटॉरला आवरून धरतो. उंदरांत यांपैकी एखादं काढून टाकलं तर काय होतं? १९९७ मध्ये केएलएफ-२ काढून पाहिलं, तेव्हा टी-पेशी कुणी न उठवताच जाग्या झाल्यासारख्या दिसू लागल्या आणि मरू लागल्या. टीएससी-१ काढल्यावर पेशी मोठ्या झाल्या, चयापचय वाढलं, आणि त्याही अकाली मेल्या. खरा जंतू आल्यावर अशा उंदरांचा प्रतिसाद दुबळा पडला. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणारी पावडर आणि काढ्यांची जाहिरात दिसली की मला हे उंदीर आठवतात. सतत उसळत असलेली प्रतिकारशक्ती ही शरीराला कधीच नको असते. जी आवरून ठेवलेली असते तीच वेळेला हाती लागते.

बेलिनझोनाच्या कामात या राखणदारांबद्दल एक फार देखणी गोष्ट कळली. विश्रांती राखणारी नियामक प्रथिनं पेशीत टिकाऊ नसतात. ती सतत तयार होतात आणि सतत मोडली जातात. उंबरठ्यावरची रांगोळी रोज सकाळी नव्यानं काढावी लागते, तसं. काटकसरी पेशीनं नेमका इथेच हात सैल का सोडावा? कारण टिकाऊ राखणदार असते, तर जागं होताना त्यांना एकेक शोधून हटवावं लागलं असतं. इथे नवी रांगोळी काढणं थांबवलं की पुरतं. आहे ती थोड्या वेळात पुसली जाते आणि वाट मोकळी होते. विश्रांतीत जी थोडीफार प्रथिननिर्मिती चालते, तिचा काही भाग असा विश्रांती टिकवण्यावरच खर्च होतो.

हाक आल्यावरचा क्रम मग वेगानं उलगडतो. ग्राहीला खूण सापडते, शेजारी सीडी-२८ हा दुसरा ग्राहीही होकार देतो, एमटॉर उठतो, टोपीवरची मिठी सुटते, रोखलेल्या चिठ्ठ्या रायबोसोमांवर चढतात. ग्लुटची दारं वाढतात, साखर आत येते, भरून ठेवलेली एन्झाइमं कामाला लागतात. पहिल्या दिवसभरात पेशी मुख्यतः वाढतच असते, पहिलं विभाजन साधारण त्यानंतर. पुढची विभाजनं मात्र काही तासांच्या अंतरानं होऊ शकतात. एवढी घाई असताना ती ग्लुकोज जाळायचा दोन एटीपीवाला उधळा मार्ग का धरते, असा प्रश्न पडेल. कारण आता तिला चलनाइतकाच बांधकामाचा माल हवा असतो. ग्लुकोज अर्धवट फोडला की मधल्या तुकड्यांतून डीएनएचे घटक, मेद, अमिनो आम्लं करता येतात. सगळा जाळून टाकला तर धूरच उरतो.

एकदा लढून परत विश्रांतीला गेलेल्या स्मृतिपेशी याच युक्तीच्या पुढे एक पाऊल जातात. इंटरफेरॉन-गॅमा या महत्त्वाच्या शस्त्राची चिठ्ठी त्या लिहूनच ठेवतात, आणि झेडएफपी-३६-एल-२ नावाचं प्रथिन त्या चिठ्ठीला धरून ठेवतं. दुसऱ्यांदा तोच जंतू आला की ही पकड सुटते. लसीनंतर शरीराचा दुसरा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लवकर येतो, त्यात अशा तयारीचा वाटा आहे.

या शांततेचा गैरफायदा घेणाराही एक आहे. एचआयव्ही सीडी-४ ही खूण अंगावर असलेल्या टी-पेशींत शिरतो आणि आपला मजकूर त्यांच्या डीएनएत चिकटवतो. बहुतेक अशा पेशी मरतात. पण काही थोड्या त्याआधीच विश्रांतीत परततात. विश्रांतीतली पेशी स्वतःचाच मजकूर फारसा वाचत नाही, तिथे विषाणूचा कुठून वाचणार? विषाणूची प्रथिनं तयार होत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही, आणि औषधं नव्या पेशींत होणारी लागण रोखत असल्यानं त्यांचाही याच्यावर इलाज चालत नाही. १९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी हा दडलेला साठा दाखवून दिला. पुढे मोजमाप झालं तेव्हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असं आढळलं. त्या हिशेबानं दहा लाख पेशींचा साठा नुसत्या औषधांवर संपायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल. गोळ्या नियमित घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झालेला माणूस दीर्घ आयुष्य जगतो, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागणही होत नाही, आणि तरीही गोळ्या आयुष्यभर का घ्यायच्या, याचं उत्तर या पेशींच्या शांत झोपेत आहे.

आणि विश्रांतीचा उपयोग माणूसही करून घेऊ पाहतोय. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना जागं करून, कर्करोगाची पेशी ओळखणारा नवा ग्राही त्यांच्यात बसवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही भारतात विकसित झालेली पहिली अशी थेरपी, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. जगभर या उपचाराला भेडसावणारी एक अडचण म्हणजे सतत चिथावल्या गेलेल्या पेशी थकतात. जिवंत असतात, पण मारा करत नाहीत. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा थकलेल्या पेशींचा ग्राही काही दिवस बंद ठेवून पाहिला. एका प्रयोगात तो ग्राहीच औषधानं चालू-बंद करता येईल असा बनवला होता, दुसऱ्यात डॅसाटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरच्या जुन्या गोळीनं त्याचा इशारा आत पोचू दिला नाही. काही दिवसांनी ग्राही पुन्हा चालू होऊ दिला, तेव्हा त्याच पेशी पुन्हा कर्करोगाच्या पेशी मारू लागल्या. थकव्याच्या काळात डीएनएच्या गुंडाळणीत पडलेल्या घड्याही बऱ्याच अंशी मोडल्या होत्या. पेशींत नवं जनुक घातलं नव्हतं, खुराक वाढवला नव्हता. थोडे दिवस त्यांना कुणी हाक मारली नव्हती, एवढंच.